खडखडीआडचं जोडासांको

रवींद्रनाथांचे पूर्वज नीलमणी टागोर यांचं भावाशी बिनसलं आणि कोलकात्यातलं पाथुरियाघाट्याचं वडिलोपार्जित घर सोडून ते कुलदैवतासह जोडासांकोला आले. ते साल 1784. नातू द्वारकानाथांनी व्यापारात अमाप पैसा मिळवला, घर वाढत गेलं, दारातल्या गल्लीलाही पुढे त्यांचंच नाव मिळालं. लाल भिंती, हिरव्या झडपा आणि आत चौक असलेली ही ठाकुरबाडी, म्हणजे टागोरांचं घर, उत्तर कोलकात्यात आजही उभी आहे.

पुण्या-साताऱ्याचा वाडा पाहिलेल्याला चौक ओळखीचा वाटेल. वेगळा आहे तो ठाकुरदालान. चौकाच्या एका अंगाला उंच जोत्यावर कमानींची ओळ, तिथे दुर्गेची मूर्ती बसायची. पाहुणे चौकात, पुरुष सदरेवर आणि बायका वर, खडखडीआड. खडखडी म्हणजे लाकडी पट्ट्यांची झडप. मधला उभा दांडा ओढला की सगळ्या पट्ट्या एकदम कलतात. ऊन बाहेर अडतं, वारा मात्र आत येतो. चौकातली तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी खोल्यांतली हवा ओढली जाते. कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात असा वाहता वाराच अंगावरचा घाम सुकवतो. त्याच पट्ट्यांमधून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला मात्र आतलं कुणी दिसत नाही. केवढी अचूक योजना, आणि केवढी निष्ठुरही!

बायकांना आड ठेवणारी ही झडपांची भिंत पहिल्यांदा हलली ती आपल्या मुंबईमुळे. द्वारकानाथांचे नातू सत्येंद्रनाथ पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. (तुकारामांचे अभंग बंगालीत नेणारे ते हेच.) 1864 मध्ये पत्नी ज्ञानदानंदिनी त्यांच्याबरोबर निघाल्या. घरच्या सुनेनं गाडीतून जाणं वडीलधाऱ्यांना रुचेना, म्हणून बोटीपर्यंत त्या पालखीतून गेल्या. परत आल्या त्या पारशी बायकांकडून उचललेली साडीची नवी नेसण घेऊन. बंगाली बायकांनी ती आपलीशी केली.

घरातली मूर्तिपूजा तर सत्येंद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी मूर्तिपूजा न मानणारा ब्राह्मधर्म स्वीकारल्यावर केव्हाच थांबली होती. दालानात उपासना होऊ लागली, पुढे नाटकंही. 1881 मध्ये याच घरात ‘वाल्मीकिप्रतिभा’ ही गीतनाटिका रंगली. वाल्मीकी झाले एकोणीस वर्षांचे रवींद्रनाथ आणि सरस्वती झाली त्यांची पुतणी प्रतिभा. निमंत्रितांसमोर घरची मुलगी उभी राहून गात होती. ज्ञानदानंदिनींची पालखी निघाल्याला तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती! एवढ्या थोड्या काळात एखादं घर स्वतःच्याच रचनेविरुद्ध इतकं बदललेलं मला दुसरं ठाऊक नाही.

रवींद्रनाथ याच घरात 1861 मध्ये जन्मले आणि 7 ऑगस्ट 1941 रोजी इथेच गेले. आता इथे रवींद्रभारती विद्यापीठाचं संग्रहालय आहे. कोलकात्याला गेलात तर कवीची खोली बघाच, पण आधी वरच्या मजल्यावर जाऊन झडपांमधून चौकाकडे थोडा वेळ पाहा.