घरच्या गॅसवर डबे किंवा फराळ सुरू करताय? आधी शेगडीकडे बघा



डबे, पापड, दिवाळीचा फराळ, शेवभाजीची पार्सलं. चॅनलवर सगळ्यात जास्त प्रश्न या कामांबद्दल येतात आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, "सर, भांडवल काही लागणार नाही, घरचा गॅस आहेच." दर किती ठेवू, पॅकिंग कुठून आणू, गिऱ्हाईक कसं जोडू, सगळं विचारतात. शेगडीबद्दल कोणी विचारत नाही.

माझं इथे वरणगावात भांड्यांचं आणि शेगड्यांचं दुकान आहे, दुरुस्तीही होते. त्यामुळे कोणाच्या घरी काम वाढलंय हे मला बऱ्याचदा शेगडी बघूनच कळतं. साध्या घरात शेगडी दिवसाला दोन-अडीच तास चालते. वीस डबे सुरू झाले की तीच शेगडी सहा-सात तास चालते. बर्नर, नॉब, नळी, सगळ्यावर अडीच-तीनपट काम पडतं, आणि देखभाल मात्र तीच, दिवाळीला एकदा पुसायची. पिठाच्या गिरणीवाला पट्टा बघितल्याशिवाय मोटर चालू करत नाही. मग तुमचं पहिलं मशीन ही शेगडी असेल, तर तिला कोण बघणार?

आधी सिलिंडरचं, कारण दर त्यावर ठरतो

लाल रंगाचा १४.२ किलोचा सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी असतो. विक्रीसाठी बनवायचं असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. हा काही एजन्सीवाल्याने काढलेला नियम नाही. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५, त्याखाली २००० साली निघालेला एलपीजी पुरवठा आणि वितरणाचा आदेश, त्यात हे आहे. तपासणीत सापडलं तर सिलिंडर जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, बाजूच्या आजोबांना दोन पोळ्या देते, त्याला कसला आलाय धंदा?" मान्य. पण रोजचे ठरलेले डबे, महिन्याचे पैसे, पाटीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात, इथपर्यंत गोष्ट आली की तो धंदा आहे. तिथे मी स्पष्ट सांगतो, एजन्सीत जा आणि व्यावसायिक कनेक्शनची चौकशी करा. एवढ्यात तेवढं झेपत नसेल तर ५ किलोचा खुल्या विक्रीचा छोटा सिलिंडर मिळतो. इंडेनचा 'छोटू' तुम्ही बघितला असेल. ओळखपत्र दाखवून घेता येतो आणि सुरुवातीच्या चार महिन्यांना पुरेसा असतो.

महाग पडतो, हो. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आहे, व्यावसायिकवर १८ टक्के. पण बघा, डब्याचा दर तुम्ही घरगुती गॅस धरून काढला असेल तर तो दरच खोटा आहे. उद्या काम वाढून १९ किलोवर जावं लागलं की सगळा नफा गॅसमध्ये जाईल, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगणं फार जड जातं. पहिल्या दिवसापासून व्यावसायिक गॅसचा भाव धरूनच दर काढा.

आणखी दोन गोष्टी. १९ किलोचा सिलिंडर आणला म्हणून त्याचा भट्टीचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला जोडू नका. घरची शेगडी कमी आणि ठरावीक दाबावर चालते, भट्टीचा रेग्युलेटर कितीतरी जास्त दाब सोडतो. जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. दुसरं, एका सिलिंडरमधून दुसऱ्यात किंवा गाडीत गॅस भरून देणारे लोक आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे जायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात गाडीत असाच गॅस भरताना स्फोट झाला. माणसं होरपळली, काही दगावली.

ज्योत काय सांगते

शेगडी बरी आहे की नाही हे ज्योतीवरून कळतं. निळी, एकसारखी, आवाज न करणारी ज्योत म्हणजे गॅस आणि हवा बरोबर मिसळतेय. पिवळी, लांब, हलणारी ज्योत असेल तर गॅस पुरता जळत नाही. पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, स्वयंपाकाला वेळ लागतो आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं हे "उन्हामुळे होतंय" असं म्हणून सोडून देतो आपण.

पिवळ्या ज्योतीचं आपल्याकडचं एक कारण मी हमखास बघतो. भरीत! हिवाळ्यात भरिताच्या ऑर्डरी सुरू झाल्या की बायका थेट बर्नरवर वांगी भाजतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, चव आहेच त्याची, पण ते वांगं रसाळ असतं. रस आणि तेल बर्नरच्या भोकांत उतरतं, तिथेच जळून दगडासारखं बसतं. दोन वांगी घरच्यांसाठी भाजली तर फरक पडत नाही. दहा किलोची ऑर्डर असेल तर अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजा. चवही तीच खरी आणि शेगडीही वाचते.

रोज सहा तास शेगडी चालत असेल तर आठवड्यातून एकदा बर्नर काढून धुवा. शेगडी पूर्ण गार झाल्यावर, रेग्युलेटर बंद करून. कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, भोकं पिनेने मोकळी करा. मग उन्हात पूर्ण वाळवा. ओला बर्नर बसवला की ज्योत तडतडते, विझते आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहतो. बसवताना खाचेत नीट बसला का ते हलवून बघा, नाहीतर ज्योत खालून निघते.

एक गोष्ट मात्र करायची नाही. बर्नरच्या खाली नळीच्या टोकाला पितळी जेट असतं, केसाएवढ्या भोकाचं. त्यात सुई घालू नका. पितळ मऊ, सुई पोलादी. भोक जरा मोठं झालं की गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. दुकानात येणाऱ्या कितीतरी शेगड्यांचं दुखणं एवढंच असतं. नॉब कडक झाला म्हणून त्यात खोबरेल किंवा खायचं तेल सोडणं हाही तसलाच प्रकार. तेल उष्णतेने चिकट होतं आणि नॉब आणखी अडकतो. त्यासाठी वेगळं ग्रीस येतं, मेकॅनिक कॉक उघडून लावतो.

मोठ्या पातेल्याचंही ऐका. पातेलं शेगडीपेक्षा रुंद असेल तर उष्णता बुडाला आपटून खाली वळते, नॉबवर आणि मागच्या नळीवर येते. काचेची शेगडी असेल तर काच तडकते. गरम काचेवर ओलं फडकं फिरवलं तरी तडकू शकते. दिसायला काच छान, मीही विकतो, पण डब्यांच्या कामाला घेणाऱ्याला मी स्टीलचीच देतो. नवी घेताना आयएसआय चिन्ह बघा. आयएस ४२४६ या मानकात घरगुती शेगडीची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे जळलेल्या गॅसमधली तेवढी उष्णता भांड्यापर्यंत जाते. स्वस्तातल्या बिनचिन्हाच्या शेगडीत वाचलेले पैसे गॅसमध्ये जातात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो आणि कूलर लागतो. कूलरचा झोत शेगडीवर येऊ देऊ नका. मंद ठेवलेली ज्योत कधी विझली ते कळतही नाही.

नळी

नळी नारिंगी, तारेच्या जाळीची 'सुरक्षा' नळीच घ्या. तिचं आयुष्य ५ वर्षं, तारीख तिच्यावरच छापलेली असते. काम जास्त असेल तर मी दर तीन वर्षांनी बदलायला सांगतो, तो माझा हिशेब आहे, नियम नाही. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, भिंतीत किंवा कपाटात लपलेली नको. काही जण नळीवर शोभेचं कापड शिवून घालतात. त्याखाली उंदराने कुरतडलेलं दिसणार कसं? धान्याची पोती असलेल्या घरात हे रोज बघावं लागतं. नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत. आपल्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, दारूगोळ्याच्या कामावर काडीपेटी खिशात ठेवून जाता येत नाही हे इथल्या पोराटोरालाही माहीत आहे. स्वयंपाकघरात मात्र आपण विसरतो.

शेगडी ओट्यावर, सिलिंडरच्या डोक्यापेक्षा वरच हवी. सिलिंडर जमिनीवर उभा. कुरडयांच्या दिवसांत गच्चीवर चीक शिजवताना गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करतात, कोणी गरम पाण्यात ठेवतं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वरच्या भागातली वाफ शेगडीत येते. आडवा केला की द्रवच नळीत शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर गॅस होतो, म्हणजे ज्योत केवढी भडकेल याचा अंदाज करा. गच्चीवर रिकामा झाला तर झाला, भरलेला दुसरा जवळ असू द्या, आणि दोन्ही उन्हात ठेवू नका.

नवा सिलिंडर घेताना वजन करून घ्या. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असला पाहिजे, मागायचा तुमचा हक्क आहे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. वरच्या कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. त्या मुदतीनंतर सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी, म्हणून मुदत उलटलेला परत द्या. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हमध्ये काळी रबरी रिंग आहे का आणि ती चिरलेली नाही ना, हे बघूनच रेग्युलेटर लावा.

आणि वहीत दोन आकडे लिहा. सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्यावर निघालेले डबे. समजा एका सिलिंडरवर ४०० डबे निघत होते आणि या वेळी ३४० वरच संपला. तेवढेच डबे, तोच मेनू, मग ६० डब्यांचा गॅस गेला कुठे? वजन कमी आलं, बर्नर चोंदला किंवा गळती आहे. वास येण्याआधी वही सांगते. धंदा शिकणाऱ्याला यापेक्षा स्वस्त मीटर मिळणार नाही.

वास आला तर

एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून इथिल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो. नुसती वरची खिडकी उघडून तो जात नाही, दारं उघडा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, पंखा, एक्झॉस्ट, मिक्सर, काहीच नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. देवाजवळचा दिवा, उदबत्ती विझवा. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, शक्य असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला त्याची पांढरी टोपी लावा, घरातल्यांना बाहेर काढा. मोबाइलही बाहेर गेल्यावरच. नंबर १९०६, एलपीजी गळतीसाठीचा, चोवीस तास चालू. आग लागलीच असेल तर १०१ किंवा ११२, आणि वस्तू वाचवायला आत जाऊ नका.

चिवडा, शेव तळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद, वर झाकण. तेवढं मोठं झाकण कढईजवळ ठेवूनच तळायला बसायचं.

शेवटी कागदांचं. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता तुम्ही वेगळा भरत नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे ६ लाखांपर्यंत भरपाई आहे. मालमत्तेचं नुकसान मात्र नोंदणी असलेल्या पत्त्यावरच धरतात, २ लाखांपर्यंत. म्हणजे कनेक्शन जुन्या घरचं आणि डबे भाड्याच्या खोलीत, असं असेल तर पत्ता आधी बदलून घ्या. घरगुती सिलिंडरवर धंदा चालू होता असं निघालं तर दावा करताना काय बाजू मांडणार, तेही आजच विचारात घ्या. अपघात झालाच तर एजन्सीला लगेच लेखी कळवायचं असतं. ग्राहक पुस्तिका, नळीचं बिल, सर्व्हिसची पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नका.