वाचलेली वीज कुणाच्या खात्यात जमा होते?

मागच्या उन्हाळ्यात काकूच्या गावात चार दिवस नळाला पाणी आलं नाही. धरणात पाणी होतं, पाइप फुटला नव्हता, पंपही चालू स्थितीत होता. पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी वाढली म्हणून जोडणी तोडली होती. टँकरच्या रांगेतून दोन हंडे घेऊन परत आल्यावर काकूनं मला विचारलं, "तू विजेच्या बचतीचंच शिकतेस ना गं? मग सांग की आमच्या नगरपालिकेला, ऑफिसातले पंखे-दिवे बंद करा म्हणून."

मी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऊर्जाबचतीवर पीएच.डी. करतेय. तरीही काकूला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते आता इथे देते. थोडक्यात सांगायचं तर ऑफिसातले पंखे बंद करून फारसं काही हाती लागणार नाही. खरी वीज दुसरीकडेच जाते. आणि ती वाचवण्यातली मोठी अडचण यंत्राची नाही, हिशेबाची आहे.

नगरपालिका ऊर्जा खर्च करते तरी कुठे?

दोन गठ्ठे करूया. पहिला विजेचा: पाणी उपसणारे पंप, रस्त्यावरचे दिवे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, शाळा, दवाखाने, कार्यालयं. दुसरा डिझेल-पेट्रोलचा: घंटागाड्या, टँकर, जेसीबी, अग्निशमनाचे बंब आणि मोठ्या शहरात बस.

दुसऱ्या गठ्ठ्याचा तेलाशी थेट संबंध आहे. भारत कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल आयात करतो. त्यामुळे आखातात काही बिनसलं की त्याची झळ तुमच्या वॉर्डातल्या घंटागाडीपर्यंत पोहोचते. पहिल्या गठ्ठ्यातली वीज अजूनही मुख्यतः कोळशापासून येते, म्हणजे तिचा संबंध हवामानबदलाशी. पण नगरपालिकेच्या तिजोरीच्या दृष्टीनं दोन्ही एकच: दर महिन्याला न चुकता येणारं बिल.

नदी खाली आणि गाव वर, अशी रचना आपल्याकडे सर्रास आहे. अशा ठिकाणी विजेच्या बिलात सर्वात मोठा वाटा बहुतेक वेळा पाण्याच्या पंपांचा असतो. म्हणून पंपापासूनच सुरुवात करू.

एका पंपाचं गणित

समजा, ५० हजार वस्तीचं गाव आहे. माणशी १०० लिटर म्हणजे रोज ५० लाख लिटर पाणी लागतं. ते एकूण ६० मीटर चढवायचंय (यात पाइपमधलं घर्षणही धरलंय). भौतिकशास्त्राप्रमाणे या कामाला कमीत कमी साधारण ८१८ युनिट वीज लागते. त्याखाली कुणीच जाऊ शकत नाही.

प्रत्यक्षात पंप आणि मोटर मिळून बरीच वीज वाया घालवतात. पंप जुना, झिजलेला, किंवा मुळात चुकीच्या मापाचा असेल तर कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर येऊ शकते. मग रोज लागतात १,८१७ युनिट. नीट निवडलेला नवा संच ६५ टक्क्यांनी चालला तर लागतील १,२५८. फरक रोज ५५९ युनिटचा, म्हणजे वर्षाला दोन लाख युनिटच्या वर. ८ रुपये युनिट धरले तर वर्षाला सुमारे १६ लाख रुपये. नवा संच बसवायला २५ लाख लागले असं धरलं तरी दीड-पावणेदोन वर्षांत पैसे वसूल. वीजनिर्मितीत होणारं सुमारे १४० टन कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जनही दरवर्षी टळतं.

आता गळती मोजा. वाटेत ३० टक्के पाणी गळत असेल, तर घरापर्यंत ५० लाख लिटर पोचवायला ७१ लाख लिटर उपसावं लागतं. गळलेल्या पाण्यालाही वर चढवायची वीज लागलेलीच असते. गळती २० टक्क्यांवर आणली तर उपसा साडेबासष्ट लाखांवर येतो आणि वीज आणखी साडेबारा टक्क्यांनी घटते. म्हणजे प्लंबरसुद्धा ऊर्जाबचतीचाच माणूस!

कित्येक ठिकाणी पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो आणि पाणी जास्त येतं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवलेला असतो. चुलीत लाकडं सारत राहायचं आणि उतू जातंय म्हणून वरून गार पाणी ओतत राहायचं, त्यातलाच हा प्रकार.

यातली आकडेमोड उदाहरणादाखल आहे, तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील. पण गोष्टीचा आकार साधारण असाच असतो. मग प्रश्न पडतो: दोन वर्षांच्या आत पैसे परत येत असतील तर पंप बदलत का नाहीत?

बदलत नाहीत, कारण...

मी संशोधनाला लागले तेव्हा मला वाटायचं की लोकांना माहिती नसते. तसं नाही. पंप चालवणाऱ्या ऑपरेटरला आवाजावरून कळतं की हा जास्त वीज खातोय. अडतं ते तीन ठिकाणी.

एक, वीजबिल महसुली खर्चात येतं आणि नवा पंप भांडवली खर्चात. बिल कितीही आलं तरी ते "भरावंच लागतं" म्हणून त्याची तरतूद होते. पंपासाठी मात्र प्रस्ताव, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असं सगळं करावं लागतं. उद्याचे १६ लाख वाचवायला आजचे २५ लाख कुठल्या शीर्षाखाली टाकायचे, हेच ठरत नाही.

दोन, निविदेत सर्वात स्वस्त पंप जिंकतो. वरच्या उदाहरणात चांगल्या पंपाचंसुद्धा वर्षाचं बिल ३६ लाखांच्या पुढे जातं, म्हणजे पहिल्याच वर्षी त्याच्या किमतीहून जास्त. खरेदीत दोन लाख वाचवले आणि दहा वर्षं जास्त बिल भरलं, तर त्याला काटकसर म्हणणार का? पण निविदेच्या तक्त्यात वीजबिलाचा रकानाच नसतो.

तीन, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. एखाद्या विभागानं खटपट करून वीज वाचवलीच, तर पुढच्या वर्षी त्याची तरतूद तेवढ्यानं कापली जाते. कष्ट पाणीपुरवठा विभागाचे, वाचलेले पैसे दुसऱ्याच कुठल्या कामाला. मग कोण कशाला करेल?

तेलाच्या पैशातून बचतीचा गल्ला

हाच पेच अमेरिकेतल्या फिनिक्स शहराला पडला होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत तेलाच्या किमतीवर सरकारी नियंत्रण होतं. काही कंपन्यांनी ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे उकळले. ते पुढे त्यांच्याकडून वसूल करून राज्यांना देण्यात आले, ऊर्जाबचतीवर खर्च करायला. फिनिक्सनं १९८४ मध्ये या पैशांतून एक छोटा निधी सुरू केला. नियम साधा: बचतीच्या कामामुळे जेवढे पैसे वाचल्याचं मोजून दिसेल, त्यातले निम्मे परत या निधीत टाकायचे आणि त्यातून पुढची कामं करायची. उरलेले निम्मे शहराच्या तिजोरीत.

पुढे १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि ऊर्जाबचतीची चर्चा जगभर थंडावली. पण अशा निधीला लोकांच्या धास्तीची गरज नसते. मागच्या कामाची बचत पुढच्या कामाला पैसे पुरवते.

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरानं १९९५ पासून हीच कल्पना आणखी पक्की केली. तिथे पालिकेच्याच पर्यावरण कार्यालयातला ऊर्जा विभाग इतर विभागांसाठी सावकारासारखं काम करतो, फक्त बिनव्याजी. समजा, शाळा विभागाला जुनी हीटिंग व्यवस्था बदलायचीय. ऊर्जा विभाग आपल्या निधीतून पैसे देतो. शाळा विभागाची ऊर्जेची तरतूद कापत नाहीत. बिल कमी आल्यामुळे जेवढे पैसे उरतात तेवढे ऊर्जा विभागाला परत जातात. मूळ रक्कम फिटली की त्यानंतरची सगळी बचत शाळा विभागाची. परत आलेल्या पैशांतून ऊर्जा विभाग पुढच्या इमारतीचं काम करतो.

आपल्याकडच्या बायकांना यात नवीन काही वाटणार नाही. बचत गटाचं अंतर्गत कर्ज असंच फिरतं. फरक एवढाच की इथे सभासद म्हणजे पालिकेचे विभाग आणि हप्ता म्हणजे न जळलेली वीज.

कारणं बदलतात, काम तेच राहतं

अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराचं उदाहरण बघा. १९७९ मध्ये त्यांनी शहराचं ऊर्जा धोरण आणलं, कारण तेलटंचाई. १९९३ मध्ये कार्बन उत्सर्जन कमी करण्याची योजना केली, कारण हवामानबदल. २००६ मध्ये पुन्हा तेलाचीच काळजी वाटून एक कृतिगट नेमला. २००७ च्या अहवालात त्यानं सुचवलं की २५ वर्षांत तेल आणि नैसर्गिक वायूचा वापर निम्म्यावर आणावा.

तीन वेळा, दोन वेगवेगळ्या भीती. पण कामांची यादी काढली तर इमारती, दिवे, वाहनं, वस्तीची रचना, असं तेच ते दिसतं. म्हणून "तेलासाठी वाचवायचं की हवामानासाठी?" हा वाद नगरपालिकेच्या पातळीवर मला फार कामाचा वाटत नाही. ज्याला ज्या कारणानं पटेल त्यानं त्या कारणानं करावं. प्रश्न आहे तो, भीती ओसरल्यावरही काम चालू राहील अशी व्यवस्था आपण केलीय का?

आणि आपल्याकडे?

अगदीच कोरी पाटी नाही. २०१५ मध्ये रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ईईएसएल या सरकारी कंपनीनं आधी स्वतःचे पैसे घालून एलईडी दिवे लावायचे आणि स्थानिक संस्थांनी वाचलेल्या बिलातून ते हप्त्यानं फेडायचे. देशभरात एक कोटीहून जास्त दिवे असे बदलले गेले. पण अनेक स्थानिक संस्थांकडचे हप्ते थकले, ही त्याची दुसरी बाजू. बिल कमी झालं तरी वाचलेले पैसे वेगळे काढून ठेवले नाहीत तर ते कुठेतरी खर्च होऊन जातात आणि हप्त्याच्या दिवशी हाती काही नसतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: वाचलेली वीज कुणाच्या खात्यात?

महाराष्ट्रात २०२० पासून माझी वसुंधरा अभियान आहे. त्यात पंचमहाभूतांपैकी "अग्नी" या तत्त्वाखाली स्थानिक संस्थांना ऊर्जेच्या कामांसाठी गुण मिळतात. त्यामुळे निदान हा विषय ग्रामपंचायतीच्या टेबलावर आला, हे चांगलंच. पण गुण मिळवण्यासाठी केलेलं काम आणि दरवर्षी स्वतःच स्वतःला पैसे पुरवणारं काम यांत फरक राहतोच.

निधी उभारायचा तर आधी मोजमाप हवं. पंपाला स्वतंत्र मीटर हवा, किती पाणी उपसलं हे सांगणारा प्रवाहमापक हवा. "हजार लिटरला किती युनिट" हा एक आकडा दर महिन्याला लिहून ठेवला तरी खूप झालं. नाहीतर पाऊस चांगला झाल्यानं उपसा कमी झाला की पंप बदलल्यानं बिल उतरलं, यावरच भांडणं होतील.

तुम्हाला काय करता येईल? ग्रामसभेत, किंवा वॉर्डातल्या नगरसेवकाला, तीन प्रश्न विचारा. पाणीपुरवठ्याचं वर्षाचं वीजबिल किती? हजार लिटर पाणी चढवायला किती युनिट लागतात? आणि वीज वाचली तर ते पैसे कुठे जमा होतील? पहिल्याचं उत्तर मिळेल. दुसऱ्याला बहुधा थोडी शांतता पसरेल. तिसऱ्यापासून खरी चर्चा सुरू होईल.

काकूला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या गटाला जे जमतं ते पालिकेला जमत नाही, असंच ना?" चार वर्षांच्या संशोधनाचं सार तिनं एका वाक्यात काढलं. पुढच्या सभेला ती हे तीन प्रश्न घेऊन जाणार आहे. तुमच्या गावात विचारलेत तर काय उत्तर मिळालं ते मलाही कळवा.