आत्मत्याग आणि रेव्हरंड टिळक

फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने आपल्या शिष्यांस आपणावर येणाऱ्या दुःखाची व मरणाची कल्पना दिली, तेव्हा ज्याने नुकतेच त्यास ख्रिस्त म्हणून ओळखले होते तो पेत्रच त्यास बाजूला घेऊन त्याचा निषेध करू लागला; आणि त्या निषेधाला लागूनच, मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात, अनुयायी होऊ पाहणाऱ्यास आत्मत्यागाची व वधस्तंभ उचलण्याची अट घातलेली आढळते. रोमन अमलाखाली देहदंड झालेला कैदी त्या स्तंभाचा आडवा वासा स्वतःच्या खांद्यावर घेऊन भर रस्त्याने वधस्थळाकडे चाले, आणि हे दृश्य ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे होते. लूकने तर हे ओझे दररोज उचलावयास सांगितले आहे.

आत्मत्याग म्हणून ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाहार वर्ज्य करणे किंवा चैनीचा पैसा दानपेटीत टाकणे, हे सारे आदरणीय आहे. परंतु उपवास करणाऱ्याच्या मनातही ‘मी केले’ हा अहंकार तसाच नांदू शकतो. खरा आत्मत्याग जमिनीच्या दस्तऐवजातील फेरफारासारखा असतो: शेत तेच, नांगरणाराही तोच, फक्त मालक म्हणून लागलेले नाव बदलते, आणि कालपर्यंतचा मालक आज कूळ म्हणून त्याच बांधावर उभा राहतो.

महाराष्ट्रात या फेरफाराचे उदाहरण शोधू गेल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव प्रथम आठवते. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन त्यांनी जात, आप्त आणि प्रतिष्ठा गमावली, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या निर्णयाचा दंड त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही भरला, आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती, ही गोष्ट टिळकांविषयी कितीही भक्ती असली तरी झाकून ठेवता कामा नये. वियोगाची वर्षे काढून पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई आपले अन्न वेगळे शिजवीत, सोवळे पाळीत; टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. वेगळ्या चुलीशी बसून स्वतःच्या संस्काराशी एकेक दिवस झगडणारी ती स्त्री 1900 साली बाप्तिस्म्यापर्यंत आली ती आपल्या पायांनी, आणि माझ्या मते तिचा हा सावकाश त्याग पतीच्या त्यागाहून तसूभरही उणा नव्हता.

टिळकांपुरते बोलावयाचे, तर त्यांची अधिक कठीण कसोटी 1917 साली झाली असे मला वाटते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना नोकरी होती, मान होता, आणि वयही साठीकडे झुकले होते. अशा वेळी मिशनची नोकरी व तिच्याबरोबरची निश्चिंती सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसू शकत. पहिल्या खेपेस त्यांनी पूर्वजांची मिळकत सोडली होती. या खेपेस स्वतः कमावलेली सोडली. दरबाराचा विस्तार पाहण्याइतके आयुष्य मात्र त्यांना लाभले नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अपुरे होते, आणि ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शिष्यत्व म्हणजे काय, हे ज्या वाचकास जाणून घ्यावयाचे असेल त्याने धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र पुन्हा एकदा वाचावे.