मोटारीचे अभ्यंगस्नान

खंडेनवमीची सकाळ म्हणजे बडोद्यातल्या मराठी घरांपुढे बादल्यांचा खडखडाट. आत देवघरापुढे कात्री, अडकित्ता, शिवणयंत्र यांची मांडामांड चाललेली असते आणि बाहेर मोटारीला न्हाऊ घालण्याची घाई उडालेली असते. मुले पाण्याची नळी धरतात, घरधनी बाह्या सारून फडके पिळतो आणि तासाभरात गाडी लखलखू लागते. दुपारच्या उन्हात तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिले म्हणजे मात्र बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकताना दिसतात. हे ओरखडे रस्त्याने दिलेले नसतात. ते बहुधा आपणच, मोठ्या मायेने, काढलेले असतात.

हे विधान चमत्कारिक वाटेल. पण त्याचे कारण साधे आहे. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोह्स यांची जी पट्टी आहे तीवर गारगोटीचा क्रमांक ७ आणि साध्या चाकूच्या पोलादाचा साधारण साडेपाच. जो कण पोलादावर रेघ ओढतो, तो फडक्याखाली सापडल्यावर मऊ रोगणाची काय कथा! कोरडी गाडी झटकणीने किंवा जुन्या बनियनने पुसणे म्हणजे तिला काचकागदाने घासणेच होय. हल्ली वसाहतींतून एक बादली आणि एक फडके घेऊन पहाटे वीस गाड्या पुसणारा माणूस येतो. पहिल्या गाडीची रेती विसाव्या गाडीला लागते. त्याला दोष देऊ नये. त्याला आपल्या घरची दुसरी बादली आणि धुतलेले फडके द्यावे.

स्नानाचा विधी असा. गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेटला हात लावून ते थंड झाल्याची खात्री करून घ्यावी. तापल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. प्रथम फडके न लावता टपापासून खाली पाणी सोडावे आणि मळ भिजू द्यावा. निम्मी रेती या पाण्यानेच वाहून जाते. नंतर दोन बादल्या घ्याव्या, एकीत मोटारीचा शांपू आणि दुसरीत नुसते पाणी. कपड्यांची पूड किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, कारण त्याने मेणाचा जुना लेप उतरतो. एक भाग धुतला की फडके आधी साध्या पाण्यात खळबळावे आणि मगच शांपूत बुडवावे. हात सरळ रेषेत आणि हलका फिरवावा, गोल गोल घासू नये. दारांचा खालचा भाग सर्वांत मळका, म्हणून तो शेवटी. चाकांसाठी फडके वेगळेच असावे, कारण ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची पूड तेथे साचते. आणि जे फडके जमिनीवर पडले ते त्या दिवसापुरते बाद समजावे.

पाणी अंगावर वाळू देऊ नये. बोअरच्या पाण्यातले क्षार मागे राहून पांढरे ठिपके उठतात. मायक्रोफायबरचा मोठा पंचा पत्र्यावर अंथरावा, टिपू द्यावा आणि उचलावा. पाखरांची विष्ठा दिसली तर ओले फडके काही मिनिटे तिच्यावर ठेवून ती भिजल्यावरच उचलावी. नखाने खरवडू नये.

आता मेणाकडे वळू. दिवाळीत आपण आधी तेल लावतो आणि मग पाणी घेतो. मोटारीचा क्रम उलटा आहे; आधी पाणी, मग लेप. येथे एक मोठा घोटाळा होतो. दुकानात पॉलिश आणि मेण ही दोन्ही एकाच नावाने मागितली जातात. पण पॉलिश रोगण झिजवून ओरखडा लपवते, तर मेण रोगणावर पांघरूण घालते. आजच्या मोटारींवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही कमी. दर सणाला पॉलिश केले तर तो किती दिवस पुरणार? मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी खुशाल लावावे. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कारनौबा मेण सुमारे ८० अंशांच्या वर वितळते, मधमाश्यांचे ६२ ते ६४ अंशांवरच. म्हणून आपल्याकडच्या वैशाखात पहिले बरे. एका वेळी एक भाग घ्यावा, लेप अगदी पातळ द्यावा, तो धूसर झाला की स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. पुढच्या पावसात पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळले, की काम नीट झाले असे समजावे.

पूजेतही थोडे भान हवे. झेंडूचा हार तारेने बांधला की गाडी सुटताच ती तार रोगणावर रेघ ओढते, दोऱ्याने बांधावा. ओले हळदकुंकू रोगणाऐवजी काचेवर लावावे, म्हणजे उन्हात डाग धरणार नाही.

हे सारे नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाडीसाठी अधिक महत्त्वाचे. अद्याप काही घरांत वडिलांची किंवा आजोबांची अँबॅसडर जपून ठेवलेली आहे. ती तयार करणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ १९४२ साली बडोदे संस्थानातल्या ओखा बंदरातच झाला. १९४८ मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला. अँबॅसडर १९५७ साली निघाली आणि २०१४ साली बंद पडली. त्या जुन्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नाही. पॉलिशच्या फडक्याला जो पांढरा वा निळा रंग लागतो, तो मळ नव्हे. तो आजोबांच्या गाडीचा रंगच फडक्यावर उतरलेला असतो.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. गाड्या जपणाऱ्या जाणत्यांना नव्या रंगाने झळकणाऱ्या गाडीइतकेच, किंबहुना अधिक, कौतुक मूळ रंग टिकवलेल्या गाडीचे असते. नवा रंग पैसे मोजून केव्हाही देता येतो. मूळ रंग एकदाच मिळतो. तेव्हा येत्या खंडेनवमीला फडके हाती घेण्यापूर्वी दोन बादल्या पाणी आधी नुसते ओतावे. पुढच्या पिढीने त्याच गाडीला हार घालावा असे वाटत असेल, तर एवढी सबुरी पुरे आहे.