तांब्या घडविला कोणीं?

रोज सकाळीं हातांत येणारा तांब्या कोणाच्या बुद्धीनें निर्माण झाला, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीं. तो पडला एका अमेरिकन दांपत्याला. चार्ल्स ईम्स (१९०७-१९७८) हे वास्तुशास्त्र शिकलेले, तर त्यांच्या पत्नी रे (१९१२-१९८८) या चित्रकार. भारत सरकारच्या निमंत्रणावरून दोघांनीं हा देश पाहिला आणि १९५८ सालीं सरकारला एक अहवाल सादर केला. येथें पाहिलेल्या सर्व सुंदर वस्तूंत त्यांनीं अग्रमान दिला तो तांब्याला, म्हणजेच उत्तरेकडील लोट्याला.

त्यांनीं विचारिलें: त्यांत पाणी किती मावावें? तो कमरेवर न्यावयाचा कीं डोक्यावर? भरलेला व रिकामा असतां त्याचा तोल कसा राहील? धार नीट पडेल काय? आंतून घांसतां येईल काय? किंमत किती, आणि मोडींत काय येईल? हाताला तो लागतो कसा, उन्हांत दिसतो कसा? यांतील एक प्रश्न पदार्थविज्ञानाचा, दुसरा अर्थशास्त्राचा, तिसरा सौंदर्यदृष्टीचा. एकट्या कोणत्याहि शास्त्राला तांब्या घडवितां आला नसता. तो घडविला अनेक पिढ्यांनीं; गैरसोयीचें तें टाकलें, सोयीचें तें राखिलें.

ईम्स दांपत्याचें स्वतःचें कार्यहि याच पद्धतीचें होतें. दुसऱ्या महायुद्धांत जखमी सैनिकांच्या पायांना बांधावयाचे धातूचे आधार वाहतुकींत हादरत आणि इजा वाढे. त्यांनीं पायाच्या आकाराप्रमाणें वांकविलेल्या प्लायवूडचा आधार अमेरिकन आरमारासाठीं तयार केला. तेथें शिकलेली विद्या पुढें त्यांच्या खुर्च्यांना उपयोगी पडली. खुर्ची, खेळणें, चित्रपट, १९६१ सालचें गणिताचें प्रदर्शन, यांच्या निरनिराळ्या जाती त्यांच्या कर्मशाळेंत नव्हत्या.

मग हा सर्व खटाटोप कशासाठीं? पूर्वीं एखाद्या भांड्याचा दोष हळूहळू सुधारतां येई. शेजारचा कांसार पुढचें भांडें बदलून देई. आज यंत्रांतून निघालेली वस्तु दोष ध्यानांत येण्यापूर्वींच लाखों घरीं पोंचते. पिढ्यांनीं नकळत केलें तें काम रचनाकाराला आतां जाणीवपूर्वक, आणि थोडक्या काळांत करावें लागतें. सर्व शास्त्रें एकट्याला येणें शक्य नाहीं. परंतु कोणता प्रश्न कोणाला विचारावा, हें त्याला कळलेंच पाहिजे. या अहवालानंतर १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, ती असे प्रश्न विचारणारीं माणसें तयार व्हावींत म्हणून.

गृहिणी मात्र बाजारांत भांडें उचलून, वाजवून, आंत हात घालून पाहते, तेव्हां यांतील बरेच प्रश्न ती केव्हांच विचारीत असते. रचनाकारानें तिच्यापासून आरंभ करावा, हें बरें.