विहाराच्या गेटला बांधलेला कुत्रा : मोठ्या जातीच्या श्वानांची सुटका आणि घरातली आपली जबाबदारी

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी वंदनेच्या आधी आम्ही विहाराचे गेट उघडायला गेलो, तेव्हा गजाला नायलॉनच्या दोरीने एक जर्मन शेफर्ड बांधलेला दिसला. बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला, कानात गोचिडांचे घोस, मागचा एक पाय ओढत चालणारा. शेजारी एक वाटी होती आणि त्यात पाणी नव्हते. रात्री कोणीतरी आणून बांधून गेले होते. नागपूरचा मे महिना. दहा वाजेपर्यंत तिथे उभे राहणे माणसालाही कठीण.

त्या सकाळी वंदना झाल्यावर समितीत वाद झाला. कोणी म्हणाले, विहार म्हणजे कोंडवाडा नाही. कोणी म्हणाले, महानगरपालिकेला फोन करा आणि मोकळे व्हा. एका ज्येष्ठ दादांनी विचारले, "माणसांचे प्रश्न संपले काय, की आता आपण कुत्र्यांच्या मागे लागायचे?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. आपल्या समाजात तो विचारला जाणारच, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

हा प्रश्न आपला आहे काय?

20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते ज्या पाण्यावर गुराढोरांना मनाई नव्हती त्या पाण्यावर आपल्या माणसांना मनाई होती म्हणून. कुत्र्याला घरात घेणारा आणि आपल्याला उंबऱ्याबाहेर उभा करणारा समाज आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला आहे. त्यामुळे प्राणिप्रेमाच्या गोष्टी ऐकल्या की आपल्यातल्या अनेकांच्या कपाळावर आठी पडते. ती आठी खोटी नाही.

पण दोष कुत्र्याला जवळ करण्यात नव्हता, माणसाला दूर लोटण्यात होता. स्वतः बाबासाहेबांना कुत्र्यांची आवड होती. राजगृहात फेब्रुवारी 1934 मध्ये काढलेला कुटुंबाचा फोटो आपल्या अनेक घरांत आहे. त्यात यशवंतराव, माता रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टॉबीही आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक समजावला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचणारी. आपण रोज पंचशील घेतो, त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. ते म्हणताना आपण 'माणूस सोडून इतर' असा अपवाद करत नाही.

जातक कथांमध्ये कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी कुरतडले. राजाने शहरातले सारे कुत्रे मारायचा हुकूम दिला, मात्र राजवाड्यातले उंची कुत्रे वगळले. स्मशानातल्या कुत्र्यांचा प्रमुख असलेला बोधिसत्व थेट राजासमोर गेला आणि त्याने विचारले, हा न्याय की दुबळ्यांची कत्तल? मग राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि कुश गवत चारायला लावले. त्यांनी ओकले ते चामड्याचे तुकडे होते. गुन्हा महालातला आणि शिक्षा रस्त्यावरच्याला, ही रीत आपल्याला नवी नाही.

मोठे कुत्रे रस्त्यावर येतात कसे?

आजचा प्रकार थोडा उलटा आहे. काल महालात होता तोच आज रस्त्यावर फेकला जातो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, सायबेरियन हस्की ही पिल्ले दोन महिन्यांची असताना कापसाच्या बोळ्यासारखी दिसतात. सिनेमात किंवा मोबाईलवर पाहून मुले हट्ट धरतात, वाढदिवसाला पिल्लू येते. वर्षभरात लॅब्रॅडॉर तीस किलोच्या घरात जातो. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड पन्नास किलोच्या पुढे जातात. दोन खोल्यांच्या घरात तो मावत नाही. फिरवायला वेळ नसतो, खाण्याचा आणि डॉक्टरांचा खर्च झेपत नाही. मग घरमालक तक्रार करतो, बदली होते, बाळ जन्माला येते, आणि एका रात्री कुत्रा महामार्गावर, शेताच्या बांधावर किंवा विहाराच्या गेटला बांधलेला सापडतो.

घरात वाढलेला मोठा कुत्रा रस्त्यावर टिकत नाही. गावठी कुत्र्याला आपला इलाका माहीत असतो, उकिरडा माहीत असतो, गाडी चुकवता येते. याला त्यातले काही येत नाही. रस्त्यावरची टोळी त्याला फाडते. हस्की आणि सेंट बर्नार्ड थंड प्रदेशातले, त्यांच्या अंगावर दाट दुहेरी केस. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ते धापा टाकतच मरतात.

यामागे एक धंदाही आहे. आपल्या भाषेत अशा कुत्र्याला 'जातिवंत' म्हणतात. शब्द आपल्या कानाला खुपतो, आणि खुपलाच पाहिजे. रक्त 'शुद्ध' ठेवण्यासाठी जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या जातात आणि त्यातून आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असणे, ग्रेट डेनमध्ये हृदय कमजोर असणे ही त्याचीच फळे. आमच्या गेटवरच्या कुत्र्याचा ओढत चालणारा पाय याच आजाराचा होता. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पण बंद खोलीत मादीला वर्षानुवर्षे पिल्ले काढायला लावणारे लोक आजही आहेत. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत जिवंत प्राण्यांचा व्यापार आहे, हे इथे आठवावे. घरात कुत्रा हवाच असेल तर विकत घेऊ नका, टाकलेला किंवा गावठी दत्तक घ्या.

सापडलेल्या मोठ्या कुत्र्याची सुटका

घाबरलेला कुत्रा चावतो, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो. म्हणून धावत जाऊन मिठी मारू नका. थोडे अंतर ठेवून बाजूला बसा, डोळ्यांत डोळे घालून पाहू नका, हळू आवाजात बोला. पाणी आणि थोडे खाणे सरकवा. शेपटी पायात दाबलेली, कान मागे, ओठ वर ओढलेले, अंग ताठ, असे दिसले तर थांबा आणि अनुभवी माणसाला बोलवा. दुखणाऱ्या जागी हात लावायचा असेल तर आधी तोंडाला मुसके बांधा. मात्र धापा टाकणाऱ्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याला ते बांधू नका.

आमची एक चूक इथे सांगतो. उपाशी कुत्रा पाहून कोणाचेही मन भरून येते. आम्ही त्याला पातेलेभर दूधभात दिला. संध्याकाळपर्यंत त्याचे पोट फुगले, जुलाब लागले आणि तो उठेना. डॉक्टरांनी आमची चांगलीच कानउघाडणी केली. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट दिले तर शरीरातल्या क्षारांचे गणित बिघडते आणि जीवही जाऊ शकतो. दिवसातून चार-सहा वेळा, थोडे-थोडे, पचायला हलके द्यायचे आणि काही दिवसांत हळूहळू वाढवायचे. दूध तर अनेक मोठ्या कुत्र्यांना पचतच नाही.

पहिल्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. आम्ही सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. इतर जिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेतच. गोचिडांतून रक्ताचे आजार होतात, त्यासाठी रक्त तपासा. कातडीखाली मायक्रोचिप असेल तर मूळ मालक सापडू शकतो, कारण प्रत्येक कुत्रा टाकलेलाच असतो असे नाही, काही हरवलेलेही असतात. दहा-बारा दिवस त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवा. रेबीजची लस आणि नसबंदी झाल्याशिवाय कोणाला दत्तक देऊ नका. देताना घर पाहा, आणि घरातली सगळी माणसे तयार आहेत का हे विचारा.

घरातला कुत्रा सुरक्षित कसा राहील?

सुटका करावीच लागू नये यासाठीचे काम घरातच सुरू होते.

पहिले, ऊन. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 41 च्या वर गेले तर जीव धोक्यात. मे महिन्यात पहाटे आणि रात्रीच फिरवा. डांबरावर आपला हात पाच सेकंद ठेवता आला नाही, तर त्याचे पंजे भाजणार हे समजा. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नका. उष्माघात झाला तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसरे, स्वयंपाकघर. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे, चॉकलेट हे त्याला विष आहे. शिजलेले हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुतते. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला 'ताप आला' म्हणून देऊ नका. उंदराचे औषध त्याच्या तोंडाला लागेल असे ठेवू नका.

तिसरे, पोट पिळणे. मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट हवेने फुगून पिळले जाते. पोट टरटरून फुगणे, ओकारी येऊनही काही न पडणे, बेचैनी ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका, तासांचाच प्रश्न असतो. एकदाच भरपूर देण्याऐवजी दोन-तीन वेळा खायला द्या आणि जेवल्या-जेवल्या पळवू नका.

चौथे, गच्ची आणि दार. गच्चीच्या कठड्यावरून उडी मारून किंवा उघड्या गेटातून पळून कुत्रे मरतात. कठड्याला जाळी लावा. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा. दिवाळीत आणि लग्नाच्या वरातीत फटाक्यांनी बिथरून कुत्रे हरवतात. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत आपल्याजवळ ठेवा.

पाचवे, साखळी. 'राखणीला' म्हणून दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा शूर होत नाही, चिडका होतो. मोठ्या कुत्र्याला रोज चालायला, हुंगायला, माणसात राहायला मिळाले पाहिजे.

लेकरे आणि कुत्रा

लहान मूल आणि मोठा कुत्रा यांना एकटे सोडू नका, कुत्रा कितीही ओळखीचा असो. खाताना, झोपेत, आजारी असताना किंवा पिल्ले जवळ असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. हळद, मिरची, चुना लावू नका, गंडेदोरे करू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो. पाळीव कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे दरवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने, यात कंजुषी नको.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार प्राण्याला उपाशी-तहानलेला मरायला सोडून देणे, किंवा कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायचेच नाही, हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये, म्हणजे चहापाण्याचा खर्च. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. संविधानाच्या अनुच्छेद 51क मध्ये सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. हा भाग 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला.

मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले होते. संबंधितांचे ऐकून न घेता ते काढल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. जन्मावरून कोणाला हिंस्र ठरवणे आपल्याला पटू नये. पण म्हणून ताकदवान कुत्र्याची जबाबदारी कमी होत नाही. पालिकेचा परवाना घ्या, बाहेर नेताना आखूड पट्टा आणि गरज असेल तर मुसके वापरा, घाण स्वतः उचला. शेजाऱ्याच्या लेकराची भीती हीसुद्धा आपल्या मैत्रीचा विषय आहे.

गेटवरचा तो जर्मन शेफर्ड दोन महिने विहारामागच्या खोलीत राहिला. औषधाचा खर्च वर्गणीतून निघाला. शेवटी त्याला घर दिले ते त्याच दादांनी, ज्यांनी माणसांचे प्रश्न संपले काय असे विचारले होते. पाय अजून लंगडतो. दादा सकाळी त्याच्या चालीने हळूहळू चालतात, आणि वाटेत भेटणाऱ्या पोरांना शाळेचे विचारतात. माणसांचे प्रश्न संपलेले नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

जय भीम! नमो बुद्धाय!