जनुकांच्या नोंदवहीचा सांभाळ

मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या इवल्याशा तणाचा जनुकसंच डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि एखाद्या वनस्पतीचा आनुवंशिक मजकूर प्रथमच जवळजवळ संपूर्ण वाचता आला. परंतु चार अक्षरांत लिहिलेल्या, सुमारे १३ कोटी अक्षरांच्या त्या मजकुरात कोणते जनुक कोठे सुरू होते, त्यापासून कोणते प्रथिन बनते आणि ते प्रथिन नेमके काय करते, हे नुसत्या अक्षरांवरून उमगत नाही. ही माहिती प्रत्येक जनुकापुढे पुराव्यासह लिहिण्याच्या कामाला जनुकांचे टिपण म्हणतात.

या कामात किती बारकावा लागतो, हे ‘एटी१जी६५४८०’ या एका नोंदीवरून दिसते. यातील ‘एटी’ म्हणजे अरॅबिडॉप्सिस थॅलियाना, ‘१’ म्हणजे पहिले गुणसूत्र, ‘जी’ म्हणजे जीन आणि उरलेले आकडे त्या गुणसूत्रावरील जनुकाची जागा सुचवणारे. एफटी या नावाने ओळखले जाणारे हे जनुक दिवस मोठा होताच पानांत जागे होते आणि त्याचे प्रथिन शेंड्याकडे जाऊन तेथे फुलोऱ्याची सुरुवात करते. भातातही त्याचे भावंड हेच काम करते. याच्याशी बरेच साम्य असलेले टीएफएल१ हे जनुक मात्र फुलणे लांबवते, आणि त्याच्या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलले की ते उलट फुलणे घडवून आणते, असे २००५ मध्ये दाखवले गेले. केवळ साम्य पाहून अंदाज बांधणारा संगणक अशा जागी सहज फसू शकतो. म्हणूनच १९९८ मध्ये माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या माहितीकोशांनी मिळून उभारलेल्या ‘जीन ऑन्टॉलॉजी’ या सामायिक शब्दसंग्रहात प्रत्येक विधानामागचा पुरावा प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे की संगणकीय अनुमानाचा, हे सांगणारी खूण जोडली जाते. प्रयोगाची खूण लावायची तर जीवशास्त्र जाणणाऱ्या संपादकाला मूळ शोधनिबंध वाचावाच लागतो.

अरॅबिडॉप्सिसपुरते हे काम १९९९ पासून ‘टेअर’ हा माहितीकोश अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानावर करत होता. हे अनुदान टप्प्याटप्प्याने घटत जाऊन २०१३ मध्ये थांबले, तेव्हा संपादकांनी ‘फिनिक्स बायोइन्फर्मेटिक्स’ ही ना-नफा संस्था काढून विद्यापीठांकडून वर्गणी घेण्यास सुरुवात केली. वर्षभर जुनी झालेली माहिती मात्र सर्वांसाठी मोफत खुली केली जाते. जिनिव्हातील ‘स्विस-प्रॉट’ या प्रथिनकोशावरही १९९६ मध्ये असेच संकट आले होते आणि त्यातूनच १९९८ मध्ये स्विस जैवमाहितीशास्त्र संस्था उभी राहिली. नवा शोध लावणाऱ्या प्रकल्पाला पैसा मिळतो, पण आधीच्या शोधांची नोंद अद्ययावत ठेवण्याच्या कधीही न संपणाऱ्या कामाला तीन-चार वर्षांच्या अनुदानाचा साचा बसत नाही, हे या अडचणीचे मूळ आहे. वर्गणीने टेअर तगले, ही मोठीच गोष्ट. तरीही ज्या प्रयोगशाळेला वर्गणी परवडत नाही तिने ताज्या नोंदीसाठी वर्षभर थांबावे, हे विज्ञानाच्या हिताचे नाही.

भारतात फरिदाबाद येथे २०२२ मध्ये भारतीय जैवविदा केंद्राचे लोकार्पण झाले आणि येथील संशोधकांनी मिळवलेले जनुकक्रम साठवण्यास हक्काची जागा मिळाली. त्या क्रमांचा अर्थ लावून ठेवणारे, शोधनिबंध वाचून नोंदी सुधारणारे संपादक कायम नेमणुकीवर घेणे, ही यापुढची आणि अधिक खर्चिक पायरी आहे.